न पटणारा माणूस घेऊन या

बाईंना 'लाभार्थी' हा शब्द खपत नसे. देणगीच्या अर्जात तो दिसला की त्या अर्ज तिथेच मिटायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "लाभ त्यांचा की तुमचा, ते आधी ठरवा. मग या." असा गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नसे. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, कारण नंतर त्याला फोन करून गोड बोलायचं काम माझं असायचं.

शनिवार पेठेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर त्यांच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. संस्था मूळ त्यांच्या भावाची. त्याचा भोसरीला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. तो विकून त्याने सार्वजनिक कामांना मदत करणारी ही संस्था काढली आणि जाताना सगळा कारभार बहिणीवर टाकला. बाईंची त्याआधीची सगळी हयात शाळेत गेली होती. शिकवायच्या त्या नागरिकशास्त्र, पण ते इतिहासाच्या पेपरात शेवटी वीस मार्कांना असतं, म्हणून शाळेत त्या इतिहासाच्या बाई. "वीस मार्कांचं म्हणून मुलं ते आदल्या दिवशी वाचतात," त्या म्हणायच्या, "आणि मोठी झाली की मतदानाच्या आदल्या दिवशी."

मी तिथे लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मुलाखतीत बाईंनी माझी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. एवढंच विचारलं, "तुझ्या घरात राजकारणावरून तुझं कोणाशी पटत नाही?"

"बाबांशी."

"मग जेवताना काय बोलता?"

"काही नाही. टीव्ही लावतो."

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

मदत मागायला येणाऱ्यासाठी त्यांचा नियम एकच होता. एकट्याने यायचं नाही. ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही, असा त्याच भागातला माणूस बरोबर आणायचा आणि अर्जावर दोघांनी सही करायची. मी एकदा सुचवलं की ही अट दारावर पाटी करून लावू, म्हणजे लोकांच्या खेपा वाचतील. बाई म्हणाल्या, "पुण्यात लोक पाटी वाचतात, हसतात, फोटो काढतात आणि मग त्यांना करायचं तेच करतात. तोंडाने सांग."

म्हणून मी तोंडाने सांगायचे. लोक चक्रावायचे. काही चिडायचे. एक गृहस्थ उद्यानात बाक बसवायला मदत मागत होते. ते दुसऱ्या आठवड्यात एका माणसाला घेऊन हजर झाले. हा विरुद्ध पक्षाचा, आमचा चार वर्षं अबोला आहे, वगैरे सांगून झालं. बाईंनी चहा मागवला, काही साखरेचा, काही बिनसाखरेचा. चहा आल्यावर त्या गृहस्थांनी न बोलता साखरेचा चहा स्वतःकडे ओढला आणि बिनसाखरेचा पाहुण्याच्या पुढे सरकवला.

"यांना साखर चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

पाहुणाच म्हणाला, "मी यांचा मेहुणा आहे."

"मेहुण्याशी पटत नसतं तर चाललं असतं. तुमचं चांगलं पटतंय. चहा घ्या आणि या."

पण ज्यांनी खरोखरच असा माणूस आणला, त्यांच्यासाठी बाई वाटेल ते करायच्या. पेठेतल्या एका वाचनालयात दोन पक्षांच्या निवृत्त मंडळींत वर्तमानपत्रांवरून रोज भांडणं होत. एकमेकांची वर्तमानपत्रं ती लपवून ठेवत. दोन्ही गटांनी मिळून दोन टेबलं मागितली, एक याचं आणि एक त्याचं. बाईंनी एकच टेबल दिलं. चांगलं बारा माणसांचं, सागवानी. "दोन टेबलांसाठी माझ्याकडे पैसे नाहीत," त्या म्हणाल्या. होते. पण ते टेबल आल्यावर महिनाभराने मी गेले तेव्हा दोन्ही बाजूंचे म्हातारे एकाच वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानांवरून कुरकुरत होते. मला ते फार मोठं यश वाटलं नाही. बाई मात्र दिवसभर खुशीत होत्या.

कोणत्याही जाहीर सभेला जाताना त्या घडीचं स्टूल घेऊन जायच्या आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत ते टाकून बसायच्या. स्वयंसेवक उठवायला आले की म्हणायच्या, "मला ऐकू कमी येतं." त्यांना उत्तम ऐकू यायचं.

वारज्याचं काम आलं ते माझ्या तिसऱ्या वर्षी. तिथे जुनं गावठाण आणि नव्या सोसायट्या यांच्यामध्ये एक पायवाट होती. गावातली माणसं तिच्यावरून म्हसोबाच्या देवळाकडे जात, पोरं शाळेत जात. सोसायट्यांनी सुरक्षेसाठी म्हणून तिथे लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप घातलं. सोसायट्यांची पावसाळी पाण्याची लाइन गावकऱ्यांच्या जमिनीतून जायची होती. गावाने ते खोदकाम बंद पाडलं. दोन पावसाळे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आणि गावातल्या बायका हायवेच्या कडेने लांबचा वळसा घालून देवळाला. गावामागे एका पक्षाचे पुढारी, सोसायट्यांमागे दुसऱ्याचे. दर महिन्याला कोणीतरी पोलिसांत जायचं.

गावाकडून पुढे होते नाना. साठी उलटलेले, पांढरा सदरा, कमी बोलणारे. जमीन गेली त्याचे पैसे आले, पुतण्या बांधकामाच्या धंद्यात आणि पक्षात. सोसायट्यांकडून त्यांच्या संघाचे अध्यक्ष पेंडसे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवणारे. पाण्याच्या लाइनसाठी मदत मागायला आधी पेंडसे आले. बाईंनी त्यांना परत पाठवलं. पाच आठवड्यांनी ते नानांना घेऊन आले. दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी आले होते.

बाईंनी पाइपलाइनला पैसे दिले नाहीत. त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वारज्यातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला. खुर्च्या, चहा आणि टिपण घ्यायला मी. "तुम्हाला बसायला पैसे देतेय," त्या दोघांना म्हणाल्या. "बाकीचं तुम्हाला परवडेल."

सभेत त्यांनी वर्गातला नियम लावला. आपली तक्रार आपण सांगायची नाही. समोरच्याची सांगायची, आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत सांगत राहायची. पहिले दोन महिने नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या महिन्यात नाना उभे राहिले.

"यांचं म्हणणं आसं," ते पेंडशांकडे न बघता म्हणाले, "का आमची पोरं गेटापाशी बसून सिग्रेटी वढत्यात, अन् यांच्या लेकींना तिथून जायला भ्या वाटतंय."

"बरोबर," पेंडसे म्हणाले. मग त्यांची पाळी. त्यांनी चष्मा पुसला. "नानांचं म्हणणं असं आहे की, जिथे माझी गाडी उभी असते तिथे त्यांच्या वडिलांचं खळं होतं. आणि आता त्याच जागेवर आमचा वॉचमन त्यांना विचारतो, कोणाकडे जायचंय."

नानांनी खिडकीकडे तोंड केलं. हॉलमध्ये पन्नासएक माणसं होती. मग ते म्हणाले, "व्हय. बरोबर हाय."

त्यानंतरच्या पाच महिन्यांत गेटाचं कुलूप निघालं. खोदकाम सुरू झालं. गावातल्या चार पोरांना नानांनी स्वतः गेटापासून उठवलं. पावसाळ्यात पार्किंग कोरडं राहिलं. मी हे सगळं वहीत लिहीत होते, आणि टिपण चुकू नये म्हणून फोनवर रेकॉर्डही करत होते.

याच सुमाराला हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सामाजिक निधीचं काम बघणाऱ्या मॅडम ऑफिसात आल्या. हुशार बाई, मनापासून बोलणारी. त्यांना वारज्याचं 'मॉडेल' शहरभर न्यायचं होतं. त्यासाठी एक छोटा व्हिडिओ हवा होता. त्यांच्या निधीपुढे आमची संस्था म्हणजे चिल्लर. मला तर आकाश ठेंगणं झालं. तीन वर्षं मी वार्षिक अहवालात 'सभा झाली, चहा झाला' असं लिहीत आले होते.

बाई म्हणाल्या, "नको. दही लागत असताना झाकण काढून बघत नाहीत."

"पण बाई, चाळीस ठिकाणी होईल हे."

"चाळीस ठिकाणी नाना कुठून आणशील?" त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

त्यांच्यापुरता संपला. पुढच्याच महिन्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सहा आठवडे घरी होत्या. त्या काळात मी कंपनीला रेकॉर्डिंग दिलं. मॅडमनी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "या लोकांची परवानगी आहे ना?" मी हो म्हणाले. एका अक्षराचा शब्द, पण तो म्हणताना माझा हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबलेला होता हे मला आजही आठवतं. मी स्वतःची समजूत घातली की चांगल्याच कामासाठी आहे, बाईंनाही नंतर पटेल.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एका सभेतलं नानांचं बोलणं होतं. चहा घेता घेता, सगळे सैलावलेले असताना ते म्हणाले होते, "आमाला भांडत ठेवण्यातच आमच्या पुढाऱ्यांचं पोट हाय. आमच्या बी अन् यांच्या बी." कंपनीने व्हिडिओ सुरेख केला. मागे संगीत, खाली अक्षरं. आणि तो बाहेर पडला त्याच पंधरवड्यात महापालिकेची निवडणूक जाहीर झाली.

कोणीतरी त्यातला नानांचा तुकडा कापला. 'आमच्या बी अन् यांच्या बी' हे काढून टाकलं. उरलं ते फक्त, आमच्या पुढाऱ्यांचं पोट. दोन दिवसांत तो वारज्यातल्या प्रत्येक फोनवर होता. नानांच्या पुतण्याचं तिकीट जवळजवळ नक्की होतं, ते गेलं. पुतण्याने एका घरात राहून काकाशी बोलणं टाकलं. इकडे सोसायट्यांच्या ग्रुपवर पेंडशांना 'गावाचे वकील' म्हणायला लागले, आणि पुढच्या बैठकीत त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. महिन्याच्या आत गेटाला कुलूप लागलं. पहिल्या रविवारी हॉलमध्ये मी आणि खुर्च्या.

बाई काठी टेकत ऑफिसात आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. निदान एखादा टोमणा मारतील. त्या फक्त म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

नाना ओसरीत बसले होते. आम्हाला बघून उठले, पण आत या म्हणाले नाहीत. बाई पायरीखाली उभ्या राहिल्या.

"नाना, चूक झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही विश्वासाने बोललात आणि ते माझ्या संस्थेतून बाहेर गेलं. त्याला मी जबाबदार. माफी मागायला आले."

नानांनी त्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघितलं. "बाई, मी हॉलात बोललो हुतो," ते म्हणाले. "पन्नास माणसांम्होरं. ती माझी माणसं हुती, भांडणारी का हुईनात. गावाम्होरं बोललो नव्हतो."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

परत येताना त्या रिक्षात बाहेर बघत होत्या. चांदणी चौकाकडून येणाऱ्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा त्या बोलायला लागल्या. माझ्याशी तशा कधी बोलल्या नव्हत्या.

"माझा भाऊ आणि मी अकरा वर्षं बोललो नाही. एका निवडणुकीवरून. तो एका बाजूला, मी दुसऱ्या. आता आठवत पण नाही उमेदवार कोण होते. तो आजारी पडला तेव्हा मी गेले, म्हटलं बोलून टाकू. तेव्हा त्याला ऐकू येणं बंद झालं होतं. मी बोलले, पण ते त्याच्यापर्यंत गेलं की नाही, कोण सांगणार. मग मृत्युपत्रात बघितलं तर सगळी संस्था माझ्यावर टाकलेली." जरा थांबून म्हणाल्या, "नानांना अजून ऐकू येतं. तू एकटी जाऊन ये."

"जाते," मी म्हणाले.

गेले नाही. आधी वाटलं, निवडणूक होऊन जाऊ दे. मग वाटलं, पुतण्याचं शांत होऊ दे. मग त्या मॅडमचा फोन आला, कंपनीच्या संस्थेत जागा होती. पगार दुपटीहून जास्त. मी बाईंकडे शिफारसपत्र मागायला गेले तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे हाताने दोन ओळी लिहिल्या. 'सांगितलेलं काम या चोख करतात. न सांगितलेलंही करतात.' कंपनीत ते पत्र वाचून सगळे खूश झाले. पुढाकार घेणारी आहे, म्हणाले.

सहा वर्षं झाली त्याला. माझ्या हाताखाली आता नऊ माणसं आहेत. 'सामाजिक सलोखा' नावाचा आमचा एक उपक्रम आहे. दोन गटांना एकत्र बसवतो, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतो, फोटो काढतो. परवानगीच्या कागदावर सही घेतल्याशिवाय मी कोणाचं काही बाहेर जाऊ देत नाही. त्या बाबतीत माझी ऑफिसात ख्याती आहे. लोक त्याला शिस्त म्हणतात. सभा तीन महिन्यांत संपतात, कारण उपक्रमाची मुदत तेवढी असते. माणसं येतात, छान बोलतात, जातात. आमच्या कुठल्याही सभेत मी कोणाला खिडकीकडे तोंड करताना बघितलेलं नाही.

बाईंना भेटायला मी अधूनमधून जायचे. दिवाळीला, वाढदिवसाला. त्या नानांचं नाव काढत नसत, मीही नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभा त्यांच्या जुन्या शाळेत झाली. जे एरवी एका मांडवात दिसले नसते असे बरेच लोक तिथे एकमेकांना जागा करून देत होते. पेंडसे बोलायला उभे राहिले, तेव्हा मला कळलं की वारज्याचा हॉल बाईंनी सोडलाच नव्हता. दर पहिल्या रविवारी त्या जात. पहिली दोन वर्षं एकट्या. दहा ते बारा बसून परत. मग पेंडसे यायला लागले. मग गावातल्या दोन-तीन बायका, ज्यांना देवळाची वाट हवी होती. त्या बायकांनी आणि पेंडशांनी मिळून शेवटी महापालिकेकडून गेट दिवसा उघडं ठेवायचं लिहून घेतलं.

"नाना मात्र आले नाहीत," पेंडसे म्हणाले. "बाई दर वेळी त्यांची खुर्ची मांडायला सांगायच्या."

मी पुढच्या रविवारी वारज्याला गेले. नाना आता थकले होते, पण ओसरीतच होते. मला ओळखलं. या म्हणाले, आत बसवलं. सुनेने चहा आणला. मी कपाला हात न लावता सगळं सांगून टाकलं, की ते रेकॉर्डिंग मी दिलं होतं, बाईंना विचारलं नव्हतं, त्यांनी तर नको म्हटलं होतं, आणि परवानगी आहे असं खोटं मी सांगितलं होतं.

"ठावं हाय," नाना म्हणाले.

"बाईंनी सांगितलं?"

"त्या कशाला सांगत्यात. तुमी मागं उभ्या हुत्या, त्या दिशी. तुमच्या तोंडावरच हुतं." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "मला वाटलं, आज न्हाई तर उद्या येताल. मी दोन-तीन महिने वाट बघितली. तुमी आला असता, तर म्या सभंला गेलो असतो. मला बाईंचा राग नव्हता. पर ज्येनं केलं त्यो बोलंना, अन् बिनकसुराची म्हातारी दारात उभी राहून माफी मागती, तिथं म्या कुठल्या तोंडानं जाऊन बसू?"

इतकी वर्षं मी समजत होते की नाना एका व्हिडिओमुळे आले नाहीत.

"पुतण्या बोलतो आता?" मी विचारलं.

"बोलतो. कामापुरतं." मग ते म्हणाले, "त्या हॉलात आता कोन सभा घेतंय?"

"कोणी नाही. संस्था बंद होतेय. पेंडसे काकांना एकट्याला झेपत नाही."

"तुमी घ्या की," नाना म्हणाले. "तुमच्याकडं तर लई मोठी संस्था हाय म्हणं. बसायला खुर्च्या अन् चा, दुसरं काय लागतंय. मी येतो. पुतण्यालाबी आणतो."

मी मनात हिशेब केला. वारजे आमच्या ठरलेल्या प्रभागांत नाही. मुदत नसलेल्या कामाला आमच्याकडे मंजुरी मिळत नाही. काय साध्य झालं हे प्रश्नावलीत कसं दाखवणार. रविवार माझा मुलीसाठी राखलेला असतो.

"बघते," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. मला सोडायला ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले.

त्याला आता चौदा महिने झाले.